करदोड्याच्या गाठी

माह्या भावाचं, रूपरावचं, पोट सुटलं तेव्हा नालवाडीत पेढे वाटाचेच काय ते बाकी राह्यले होते. खरं सांगते. त्याची बायको कुंता दर शनिवारी त्याच्यावरून मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाके, कोनाची नजर लागू नाई म्हणून. मी त्याची मोठी बहीण, वच्छला. मालक गेल्यावर मी माहेरी आली अन त्याच्या घराले लागून जी खोली हाय तिच्यात राह्यली. म्हणून जे सांगते ते माह्या डोळ्यानं पायलेलं हाय. आमच्या गल्लीतल्या बाया सांगतात तसं मीठ-मसाला लावून मले सांगता येत नाई.

पोरपणी हा पोट्टा कसा होता म्हणान, तर पऱ्हाटीची काडी. चार-चार भाकरी खाये अन कुठी जात कोन जाने. आमचं वावर भाजीपाल्याचं. वांगे, भेद्रं म्हणजे टमाटे, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. हा पहाटे मोट हाके, मंग डोक्यावर डाल घेऊन पायी वर्ध्याच्या बाजारात जाये, दुपारी येऊन पुन्हा वाफे भरे. माय रडे, की लेकराच्या अंगाले खाल्लेलं लागत नाई. अन त्याच्या कंबरेचा करदोडा सारखा खाली घसरे. मायले दर दोन-चार महिन्यानं तो आवळून बांधा लागे.

करदोडा म्हणजे कंबरेचा काळा दोरा. आमच्यात पुरुषाच्या कंबरेले तो जन्मभर राहते. जुना झाला तर आधी नवा बांधाचा अन मंगच जुना काढाचा, कंबर उघडी ठेवाची नाई. नवा न बांधता तो तोडतात फक्त मेल्यावर. आमच्या घरी नवा करदोडा नागपंचमीले बांधत. माय होती तोवर तिनं बांधला, माय गेल्यावर ते काम कुंताकडे आलं.

बहात्तरच्या दुष्काळानंतर आम्ही इहिरीवर बिजलीची मोटर बसवली. मोट गेली. मंग रूपरावनं वावर सालदाराच्या भरोशावर टाकलं अन वर्ध्याच्या भाजीबाजारात दलालीची गादी घातली. मंग लूना घेतली. एकेक गोष्ट चांगलीच झाली, मी नाई कुठी म्हणते. पण ज्या माणसानं आयुष्यभर पाय थांबवले नाई तो आता सकाळपासून दुपारपर्यंत लोडाले टेकून बसे. जो येईन तो चहा सांगे. सौदा झाला की आलुबोंडा, पैसे आले की जिलेबी. घरी येऊन वरून जेवण, कारण कुंता वाट पाहून राह्यली असे.

करदोडा आता घसरत नव्हता, तो रुते. पोटावर लाल वळ उठे. कुंता हासत हासत गाठ सोडे अन चार बोटं सैल करून बांधे.

"बरकत हाय, आत्याबाई," मले म्हणे.

मी म्हटलं, "बरकत गल्ल्यात दिसते, बाई. हे सुस्तीचं मांस हाय. त्याले म्हणा, निदान बाजारात तरी पायी जात जा."

रूपराव पलंगावरून हासे. "बाई, तुहीच नजर लागन मले एखाद्या दिवशी."

माह्या तोंडाले तसाही कोनी मान देत नाई. मी माह्या खोलीत निघून जाये.

कुंता नजरेले इतकी काऊन भ्याये, ते सांगा लागते. तिचं माहेर नाचणगावचं. तिचा बाप असाच देहाचा, गावात दबदबा असलेला. एका दुपारी जेवता जेवता गेला, हातातला घास हातातच राह्यला. ताट कुंता वाढून राह्यली होती, लहान पोट्टी होती तेव्हा. सगळ्यायनं तिले सांगतलं की बापाले नजर लागली, भरला देह कोनाले तरी पायवला नाई. ते तिनं मनात धरून ठेवलं. नवऱ्याच्या पोटाची तिले भीती नव्हती. पोट पाहणाऱ्या लोकायची भीती होती.

त्र्याऐंशी साल असन. रूपरावच्या पायात खिळा गेला अन ती जखम महिनाभर भरेना. पायऱ्या चढला की धापा टाके. रात्रीतून चारदा उठे. शेवटी मीच भांडून त्याले मोठ्या दवाखान्यात नेलं. कुंता संग होती. डॉक्टरीण तरुण होती, पण बोलाले मोठी शांत. तिनं आधी काट्यावर उभं राहाले सांगतलं, तर हा उभाच राहीना.

"काट्यावर माल चढते, मॅडम," म्हणे. "माणूस चढत नाई. आमच्या बाजारात कोनी हमाल चेष्टेनं चढला तर मी त्याले हाणतो. माणूस मोजला की त्याचे दिवस मोजले जातात."

तिनं वाद घातला नाई. फक्त म्हणाली, "डोळे मिटून उभे राहा. आकडा मी बघते, तुम्ही बघू नका." मंग उभा राह्यला, डोळे गच्च मिटून. चौऱ्याण्णव किलो भरला. तिनं भिंतीशी उभं करून उंची घेतली, एकशे चौसष्ट सेंटीमीटर, अन सांगतलं, की उंचीचे जितके सेंटीमीटर, त्यातून शंभर वजा करा, साधारण तेवढे किलो अंगावर असावेत. रूपराव हिशेबाचा पक्का. तिनं सांगाच्या आधीच म्हणे, "म्हणजे तीस किलो वरचे. भेद्र्याची एक मोठी डाल झाली."

"झाली ना," ती म्हणाली. "डाल डोक्यावर असली तर बाजारात पोचून तुम्ही उतरवता. ही उतरत नाही. झोपेतसुद्धा तुमचं काळीज ती वाहतं."

रूपराव हासाले गेला, पण त्याले हासू आलं नाई. लघवीत साखर निघाली, बीपी वाढलेलं निघालं. मंग तिनं विचारलं की नात्यात कोनाले असं होतं काय. कुंतानं आपल्या बापाचं सांगतलं, नजरेसकट सगळं. डॉक्टरीणनं ऐकून घेतलं. म्हणाली, "बाई, ते तुमचे वडील, यांचं रक्त वेगळं. पण तुम्ही सांगता त्यावरून त्यांनाही हेच असावं. नजर नव्हती ती." कुंता खालीच पाहून राह्यली. घरी येताना रिक्षात नालवाडीचा नाका आला तेव्हा ती मले म्हणे, "आत्याबाई, म्हणजे वाढून वाढून आम्हीच मारलं काय बाबाले?"

मी म्हटलं, "तेव्हा कोनाले ठाऊक होतं. आता ठाऊक झालं न? मंग याले जप."

त्या दिवसापासून तिले एकच पायजे होतं, की हा माणूस तिच्या बापासारखा जाऊ नाई. मीठ-मिरच्या बंद झाल्या. चुलीजवळचा तुपाचा डबा माह्या खोलीत आला.

एक गोष्ट दवाखान्यातलीच सांगाची राह्यली. डॉक्टरीण म्हणाली होती, दर महिन्याले या, सकाळी काही न खाता, तेच कपडे घालून, त्याच काट्यावर. रूपराव म्हणे, पुन्हा मी काट्यावर चढत नाई, काई झालं तरी. मंग तिचं लक्ष त्याच्या पोटावर गेलं. दोरा रुतून वळ पडलेला होता.

"हा किती वेळा सैल केला?" तिनं विचारलं. कुंता लाजली. "आता करायचा नाही," डॉक्टरीण म्हणाली. "हाच तुमचा घरचा काटा. पोटावरची चरबी सगळ्यात वाईट, अन ती या दोऱ्याला कळते. आठवड्यातून एकदा, सकाळी, श्वास सोडून उभं राहायचं, पोट आत ओढायचं नाही. दोऱ्यात बोट जातं का बघायचं. एक गेलं, मग दोन गेली, म्हणजे उतरतंय. घाई करायची नाही, उपाशी मरायचं नाही. पण नुसत्या दोऱ्यावर राहू नका. महिन्याला इथे या, साखर अन बीपी दोऱ्याला कळत नाही."

यातलं आमच्या घरच्यायनं पहिलं अर्धं ऐकलं.

दर सोमवारी सकाळी आंघोळ झाली की रूपराव ओसरीवर उभा राहे अन कुंता बोट घालून पाहे. सुरुवातीले नख बी जात नव्हतं. पण त्यानं मनावर घेतलं होतं, हे कबूल केलं पायजे. लूना कोपऱ्यात लागली. बाजारात पायी जाये, पायी येये. बिनसाखरेचा चहा तोंड वाकडं करून पिये. ज्वारीची भाकर, हिरवी भाजी, ताक. दिवाळीपर्यंत एक बोट गेलं. कुंता अशी हासली, की पोट्टी होती तेव्हाच तशी हासली असन. तिले हासताना पाहून रूपराव बी फुलला. मी खोलीतून पाहून राह्यली होती. मले बी बरं वाटलं, खोटं काऊन बोलू.

संक्रांतीपर्यंत दोन बोटं गेली. अन मंग लोकायची तोंडं सुटली.

"रूपराव, वाळले काऊन?" "बिमार हाय काय?" "धंद्यात खोट आली म्हणतात." अरे बाप्पा, चांगला ऐंशी किलोच्या वरचा माणूस, त्याले हे लोक वाळला म्हणत. पण ज्याले सगळ्यायनं ढेरीवाला शेठ म्हणून पायलं, त्याचा सदरा सैल दिसला की तो बुडालाच असं आमच्या लोकायले वाटते. त्याची लेक सुलोचना तेव्हा लग्नाची होती. आर्वीकडचं एक स्थळ आलतं, पोरगी पसंत पडली होती. ते लोक बाजारात चौकशी करून गेले अन पाठीमागून निरोप आला, की मुलीच्या बापाले छातीचा रोग हाय असं आयकलं, आमाले जमत नाई.

सुली दोन दिवस जेवली नाई. रूपराव तिच्या दाराशी बसून राह्यला. मले म्हणे, "बाई, माह्या अंगापायी पोरीचं मोडलं."

मी म्हटलं, "मोडलं ते बरं झालं. अशा बिनडोक लोकायच्या घरी पोरगी देऊन काय तिचं लोणचं घालाचं होतं?"

अन तिथूनच, आता मले समजते, तो फिरला. बाजारात गादीवर पुन्हा आलुबोंडे याले लागले. जिलेबी आली. साखरेचा चहा आला. माणसानं चार लोकात भरलेलं दिसलं पायजे, लेकीचं लगन होऊन जाऊ दे, मंग पाहू, असं त्यानं मनाशी ठरवलं असन. घरी मात्र तो मुकाट्यानं भाकरच खाये. अन सोमवारी ओसरीवर उभा राहे.

कुंता बोट घाले. दोन बोटं. पुढच्या सोमवारी दोन बोटं. एकदा तर अडीच. नागपंचमी आली तरी माप बदलू नाई म्हणून तिनं तोच दोरा ठेवला.

मले दिसून राह्यलं होतं. गाल भरले होते. सदऱ्याची मधली गुंडी ताणली होती. जिना चढला की पुन्हा धाप. मी कुंताले म्हटलं, "अवं, हा माणूस फुगून राह्यला अन तुहा दोरा सैल कसा?"

"अंग धरलं असन, आत्याबाई. चेहऱ्यावर तेज आलं. पोट तर उतरलं हाय. मी सोताच्या बोटानं पायते."

"मंग एकदा दवाखान्याच्या काट्यावर ने त्याले. डॉक्टरीणनं सांगतलं होतं न, नुसत्या दोऱ्यावर राहू नोका म्हणून."

कुंताले राग आला. तिचं माह्यावर चिडणं तसं कमीच. म्हणे, "तुमाले माहं चांगलं झालेलं पायवतच नाई. महिनो न महिने मी त्याले मोजून खाऊ घालून राह्यली. आता कुठी जीव थाऱ्यावर आला तर तुमचं हे. सुलीचं लगन होऊ द्या, मंग नेईन."

आम्ही पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत एकमेकीशी बोललो नाई. एका आंगणात राहून न बोलणं म्हणजे काय असते, ते ज्यानं केलं त्यालेच ठाऊक. झाडू मारताना बी मधून रेघ ओढल्यासारखी ती अर्धं आंगण झाडे अन मी अर्धं.

मंग हिंगणघाटचं स्थळ आलं. मुलाचे वडील प्रभाकरराव, तिकडे कापडाच्या गिरणीत होते, बोलके गृहस्थ. आल्या आल्या त्यायनं रूपरावच्या पोटावर थाप मारली. "आमाले असाच वजनदार सोयरा पायजे होता," म्हणे. सगळे हासले. रूपराव सगळ्यायपेक्षा जास्त हासला. वैशाखात लगन ठरलं.

लगन आमच्याच दारात झालं. मांडवात पंगती उठल्या अन शेवटी घरची माणसं बसली. कुंता सोता वाढाले आली. तुपाचा डबा सकाळीच माह्या खोलीतून घेऊन गेलती. तिनं रूपरावच्या भातावर तुपाची धार धरली, थांबवली नाई. वर बुंदी वाढली, पुन्हा वाढली.

"खा," म्हणे. "सालभर तुमी माहं ऐकलं. दोन बोटं दोरा सैल केला माह्यासाठी. आज लेकीच्या लग्नात तरी पोटभर खा."

रूपरावनं तिच्याकडे पायलं. त्याचे डोळे भरून आले. मले वाटलं लेक सासरी चालली म्हणून. मंग तो खाली मान घालून सगळं जेवला, ताटात शीत ठेवलं नाई.

आखाडात, सौदे जोरात असताना, तो गादीवरच एका बाजूले कलला. हमालायले वाटलं डुलकी लागली. तोंड वाकडं दिसलं तेव्हा धावपळ झाली. आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा तो खाटेवर होता, उजवा हात अन उजवा पाय गेलेला. जीव होता. डोळे उघडे होते अन तो कुंतालेच शोधून राह्यला होता.

सिस्टर म्हणाली, कपडे बदलाचे हायत, कुशीवर वळवाले मदत करा. मी खांदा धरला, कुंतानं कंबर धरली. धोतर सोडलं अन त्याले डाव्या कुशीवर वळवलं. कुंताचा हात तिथंच थांबला.

पाठीमागं करदोड्याले गाठी होत्या. पुढून जो दोरा कुंताले दिसे, तो तिनंच बांधलेला, धुऊन धुऊन भुरा पडलेला. पण पाठीकडे त्यात काळेभोर नवे तुकडे जोडलेले होते. एक तुकडा, गाठ, दुसरा तुकडा, गाठ. आंगणात, इहिरीवर, कुठी बसून त्यानं ते केलं असन, देवाले ठाऊक. पोट वाढलं की हा एक तुकडा जोडे अन सोमवारी पुढून दोन बोटं जातील इतका दोरा सैल ठेवे.

कुंतानं एकेका गाठीवर बोट ठेवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मी त्या मोजल्या नाई. तिनं मोजल्या. किती होत्या ते तिनं मले आजपर्यंत सांगतलं नाई.

मले इतका राग आला होता, की माणूस खाटेवर पडला नसता तर मी त्याच्या कानाखाली आवाज काढला असता, मोठी बहीण म्हणून मले तेवढा हक्क हाय. मी म्हटलं, "काऊन रे? काऊन केलं असं? पोरीच्या लग्नासाठी खाल्लं ते खाल्लं, पण हिले काऊन फसवलं?"

त्याची जीभ जड झालती. शब्द अर्धे पडत. कुंता त्याच्या तोंडाशी वाकली. दोनदा-तीनदा म्हटल्यावर समजलं.

"सोमवारी," तो म्हणे, "तू... हासे."

कुंता खाली फरशीवर बसली. रडली नाई. "म्या तूप वाढलं, आत्याबाई," म्हणे. "बाबाले वाढलं तसं म्या याले बी माह्या हातानं वाढलं." मी तिच्या बाजूले बसली. तिचं डोकं मांडीवर घेतलं. आमची वर्षभराची अढी तिथं गेली, पण त्यात काई सुख नव्हतं.

महिन्याभरानं त्याले घरी आणलं. पहिल्याच दिवशी कुंतानं नवा करदोडा काढला. आधी नवा बांधला, मंग कात्री घेऊन तो गाठीचा जुना काढला, चुलीत टाकला. नव्याची गाठ तिनं बरोबर बेंबीखाली बांधली, पुढून, जिथं तिले दिसते. रूपराव डाव्या हातानं डोळे पुसून राह्यला होता.

आता ती दर महिन्याले त्याले रिक्षात घालून दवाखान्यात नेते. काट्यावर उभं राहाता येत नाई, म्हणून खुर्ची ठेवून बसवतात अन मंग खुर्चीचं वजन वजा करतात. तो आता डोळे मिटत नाई. साखर तपासतात, बीपी पाहतात. वजन खरंच उतरलं हाय. डॉक्टरीण म्हणते, चांगलं हाय, असंच ठेवा. एवढं मोजणं तेव्हा केलं असतं तर, हे ती म्हणत नाई. मी म्हणते, पण माह्या खोलीत, एकटीच.

अन सोमवार बी चालूच हाय. काल सोमवार होता. कुंतानं त्याले ओसरीवर खुर्चीत बसवलं, सदरा वर केला अन दोऱ्यात बोटं घातली. तीन गेली. रूपराव तिच्या तोंडाकडे पाहून राह्यला, लेकरू मायकडे पाहते तसा, की हासते काय आता.

तिनं आधी दोरा हातावर घेऊन पूर्ण फिरवून पायला, पाठीपर्यंत. मंग पुढची गाठ ओढून पायली. मंग हासली.